मदत हवी आहे: बीजिंग २०२७, भालाफेक बघायला जायचंय

नमस्कार मंडळी, मी बडोद्याचा, दांडिया बाजारातला. ११ ते १९ सप्टेंबर २०२७ ला बीजिंगला वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्स चॅम्पियनशिप आहे, बर्ड्स नेस्ट स्टेडियममध्ये, आणि आमच्या हॉस्टेलच्या चौघांचं ठरलंय की तिथेच भेटायचं, एक सिंगापूरहून एक मेलबर्नहून येणार, बारा वर्षांनी भेटतोय. (आमचा गणपती दीड दिवसाचा म्हणून बरं, नाहीतर आईने सोडलंच नसतं.) टोकियोला २०२५ मध्ये नीरज आठवा आला आणि आपला सचिन यादव ८६.२७ मीटर टाकून चौथा, ते मी ऑफिसच्या जिन्यात उभं राहून मोबाईलवर बघितलं, तेव्हाच ठरवलं की पुढचं प्रत्यक्ष.

आता प्रश्न. भाल्याची क्वालिफिकेशन आणि फायनल वेगवेगळ्या दिवशी असते, मग तिकिटं दोन्हीची काढावी का फक्त फायनलची? आणि भाला पडतो ती बाजू दिसायला कुठला स्टँड घ्यावा, फिनिश लाईनसमोरचं महाग तिकीट शर्यतीसाठी ठीक पण भाल्याला उपयोग आहे का? चीनचा व्हिसा बडोद्यातून कोणी केलाय का, स्वतः मुंबईला जावं लागतं की एजंट करतो? अलीपेला (तिकडचं मोबाईल पेमेंट अ‍ॅप) आपलं कार्ड चालतं का? आणि भाकरवडी नेली तर कस्टमवाले काढून घेतील का, मित्रांनी दोन किलो सांगितलीये!