लघवीच्या रिपोर्टात आकडा कमी आलाय, खरंच कमी आहे का?

झुआरीकाठ: माझा भाऊ वास्कोजवळ फायबरच्या होड्या बनवतात तिथे रेझिनचं काम करतो, दिवसभर ग्लास मॅटवर रोलर मारायचा, घरी आला की कपड्यांनासुद्धा रेझिनमधल्या स्टायरीनचा वास. कंपनीने सगळ्यांची लघवी तपासली, अंगात गेलेल्या स्टायरीनचं मँडेलिक अॅसिड होऊन लघवीत उतरतं ते बघायला. ह्याचं मँडेलिक अॅसिड लिटरला १५० मिग्रॅ, शेजारी काम करणाऱ्याचं ४००, म्हणून सुपरवायझर म्हणतो तुझं ओके. पण सँपल देण्याआधी हा बाटलीभर पाणी प्यायलेला, ह्या उकाड्यात कोण पिणार नाही? जाम काळजी लागलीय, सांगा कोणीतरी.

लॅबवाली_म्हापसा: ताई, शंका बरोबर आहे तुमची. नुसता लिटरमागचा आकडा धरूच नये, पाणी प्यायलं की तो पडतो, घाम गाळला की चढतो. रिपोर्टात क्रिएटिनिन आहे का बघा, ते शरीर रोज साधारण सारखंच बाहेर टाकतं, त्यामुळे लघवी किती पातळ ते त्यावरून कळतं.

झुआरीकाठ: आहे. भावाचं ४०, त्या दुसऱ्याचं २००, मिग्रॅ पर डेसिलिटर.

लॅबवाली_म्हापसा: १०० ने भागा म्हणजे ग्रॅम पर लिटर, ०.४ आणि २. आता १५० भागिले ०.४ म्हणजे ३७५ आणि ४०० भागिले २ म्हणजे २००. म्हणजे एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे भावाचंच जवळजवळ दुप्पट! मर्यादा पण ग्रॅममागे दिलेली असते, तिच्याशीच ताडून बघायला सांगा. क्रिएटिनिन लिटरला ०.३ ग्रॅमच्या खाली किंवा ३ च्या वर असेल तर सँपल परत घेतात, भावाचं थोडक्यात आत बसतंय.

डिचोलीकर: एक जोडतो. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, त्यामुळे बारीक माणूस, बाई किंवा म्हातारं असेल तर ते मुळातच कमी आणि भागाकार उगाच मोठा दिसतो. भाऊ अंगाने किरकोळ असेल तर स्पेसिफिक ग्रॅव्हिटीने, म्हणजे लघवी पाण्यापेक्षा किती जड त्यावरून पण काढून घ्या, १.०२० प्रमाण धरून. समजा त्याची १.०१० आली तर पॉइंटनंतरचे २० भागिले १०, म्हणजे मँडेलिकचा आकडा दुप्पट करायचा. फक्त लघवीत साखर जात असेल तर ग्रॅव्हिटी फसवते, लघवी जड दिसते. आणि आदल्या रात्री हुर्राक वगैरे नको, दारूमुळे शरीरात स्टायरीनचं मँडेलिक व्हायलाच उशीर लागतो.

झुआरीकाठ: तो तसा बारीकच आहे ओ. देव बरें करूं दोघांचं. उद्याच सांगते त्याला, शिफ्ट संपताना परत सँपल दे आणि ग्रॅव्हिटी पण लिहून घे, आणि तोपर्यंत तो साधा कापडी मास्क टाकून दे, वाफेचा कार्ट्रिजवाला माग.