घरगुती धंद्याची वेबसाइट: गिऱ्हाईक अडतं कुठे? अनुभव लिहा

खाडीपलीकडे
फेब्रुवारी सरत आला की आंबेवाल्यांच्या वेबसाइटच्या लिंका व्हॉट्सॅपवर फिरायला लागतात. आज त्यातली एक उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरांची गिचमिड. श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टमधला मजकूर तसाच चिकटवलेला. 'मराठी दिसत नसल्यास हा फॉन्ट उतरवून घ्या' अशा पाट्यांचे दिवस आठवले. एवढ्या वर्षांनी तरी गिऱ्हाईक असं दारातून परत जाऊ नये, म्हणून हा धागा. आंबा, फराळ, होमस्टे, शिवणकाम, काहीही चालेल. गिऱ्हाईक कुठे अडतं आणि काय केलं की सुटतं, ते नेमकं लिहा.

सुरुवात भावापासून करतो. 'भावासाठी संपर्क साधा' वाचून कुणी संपर्क साधत नाही, पुढची साइट उघडतात. 'एक पेटी' म्हणजे किती हेही शहरातल्या माणसाला कळत नाही. फळ मोठं असेल तर चार डझनाची, लहान असेल तर सात-आठ डझनाचीही पेटी असते. म्हणून डझनाचा भाव लिहा, फळाचं वजन ग्रॅममध्ये द्या (२००–२२५, २२५–२५०, २५०–२७५), फळ कच्चं येणार की तयार, घरपोच खर्च धरलाय की वेगळा, हे सगळं पहिल्याच पडद्यावर. भाव रोज बदलतो, कबूल. मग शेजारी तारीख टाका. आणि भाव चित्रात नको, साध्या मजकुरात हवा. बॅनरमधला भाव बदलायला दर वेळी डिझायनर गाठावा लागतो, म्हणून मार्चचा भाव मेपर्यंत तसाच लोंबकळतो.

हापूसला जीआय (भौगोलिक) मानांकन २०१८ मध्ये मिळालं. अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमची नोंदणी असेल तर तो क्रमांक लिहा. नुसता लोगो कुणीही चिकटवतं.

पाटावरवंटा
व्हॉट्सॅपचं बटण!! निम्म्या ठिकाणी चालत नाही. 'डब्ल्यूए डॉट एमई' नंतर तिरपी रेघ, मग ९१ आणि दहा आकडी नंबर, सलग. अधिक चिन्ह नको, सुरुवातीचा शून्य नको, मध्ये जागा नको. त्याच लिंकच्या पुढे 'टेक्स्ट' जोडून तयार मजकूर देता येतो: 'मला __ डझन हवेत, पिनकोड __'. गिऱ्हाईक नुसतं 'हाय' पाठवत नाही, पहिल्याच निरोपात कामाचं येतं.

दुपारचा_चहा
क्यूआर कोड मोबाइलच्या पानावर का टाकतात? त्याच फोनने तोच पडदा स्कॅन कसा करायचा? क्यूआर काउंटरवर ठेवा. साइटवर यूपीआय आयडी लिहा आणि शेजारी 'कॉपी' बटण द्या.
कुकर झाला, बाकीचं नंतर लिहिते.

अक्षरओळ
फॉन्टचा विषय निघालाच आहे तर जरा सविस्तर.

श्रीलिपी, कृतिदेव हे जुने फॉन्ट युनिकोड (सगळ्या फोन-संगणकांवर सारखी चालणारी अक्षरपद्धत) नाहीत. गूगलला ती निरर्थक इंग्रजी अक्षरं दिसतात, त्यामुळे 'देवगड हापूस' शोधणाऱ्याला ते पान सापडणारच नाही. कन्व्हर्टरने बदलून घ्या, पण नंतर रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासा. घोळ तिथेच होतो.

युनिकोड असूनही मराठी विद्रूप दिसते त्याचं कारण बहुतेक वेळा टेम्प्लेट. इंग्रजी टेम्प्लेटमध्ये मथळ्यांना लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधली जागा) एक-दोन पिक्सेल दिलेलं असतं. इंग्रजीत ते शोभतं, आपल्याकडे शिरोरेषा तुटते आणि 'आमच्याविषयी' हा शब्द तुकड्यातुकड्यांत दिसतो. ते शून्य करा. लाइन-हाइट (ओळींमधलं अंतर) १.२ असेल तर वरच्या ओळीचे उकार खालच्या रफारांना भिडतात, १.६ ठेवा. पानाची भाषा सांगणाऱ्या लँग टॅगमध्ये 'एचआय' (हिंदी) असेल तर 'एमआर' (मराठी) करा. ज्या फॉन्टमध्ये हिंदी-मराठी दोन्ही वळणं आहेत त्यात मग ल आणि श मराठी वळणाचे येतात. फॉन्टला पैसे पडत नाहीत, मुक्ता आणि नोटो सान्स देवनागरी दोन्ही मोफत आहेत.

पाटावरवंटा
@अक्षरओळ शिरोरेषेचं आत्ता कळलं. सगळ्या मेन्यूत तसंच दिसतं की! धन्यवाद हो.

गुहागरची_वाट
होमस्टेवाल्यांनो, नकाशावरची पिन. बहुतेकांची पिन गावाच्या एसटी थांब्यावर असते आणि घर तीन किलोमीटर आत, वाडीत. गूगल प्रोफाइलमध्ये पिन बोटाने सरकवून फाटकावर आणा, प्लस कोड (गूगल नकाशा देतो तो जागेचा छोटा कोड) साइटवर लिहा. शेवटच्या वळणाचा फोटो हवा, दिवसाउजेडीचा.

आणि खाडी! दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ या फेरीबोटींवरून नकाशा बिनदिक्कत रस्ता दाखवतो. पाहुणा रात्री जेट्टीवर पोहोचतो, बोट बंद. शेवटच्या फेरीची वेळ आणि ती चुकली तर रस्त्याने किती वळसा, हे 'कसे याल' मध्ये लिहाच. नकाशात फेरी टाळायचा पर्याय आहे, तोही सांगा.

दुपारचा_चहा
बोटीत गाडी चढवताना रिव्हर्स घ्यावी लागते का? आईबाबा जाणारेत मेमध्ये.

गुहागरची_वाट
ताई, तिथली माणसं हात करून सांगतात, काळजी नको. सुट्टीत रांग असते तेवढी धरा.

डबा_कुरिअर
फराळवाले परदेशी कुरिअरमध्ये फसतात ते घनफळी वजनात. लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. ४० × ३० × २५ चा खोका म्हणजे ६ किलो. आत चकली-चिवडा मिळून ४ किलो असला तरी बिल ६ चं येतं. साइटवर नुसतं वजन भरून शिपिंग लावलं की २ किलोचा फरक तुमच्या खिशातून. खोक्याची मापं साइटवर शिपिंग मोजणाऱ्या प्लगइनमध्ये भरा. भाजक काही कंपन्यांचा वेगळा असतो, आधी विचारा. अमेरिकेला विकलेल्या खाद्यपदार्थांसाठी एफडीएला (तिथल्या अन्न-औषध खात्याला) पूर्वसूचना लागते, ती कुरिअरवाला भरतो की तुम्ही, हेही.
एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) १४ आकडी क्रमांक साइटवर दिसू द्या.

पेठेतला
डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, कुणाच्या नावावर आहे ते आजच बघा. साइट करून देणाऱ्याने स्वतःच्या ईमेलवर घेतलं असेल तर नूतनीकरणाची सूचना त्याला जाते, तुम्हाला नाही. तो फोन उचलेनासा झाला की संपलं. रजिस्ट्रारचं (डोमेन विकणाऱ्या कंपनीकडचं) खातं स्वतःचं हवं, ऑथ कोड (डोमेन हलवायचा सांकेतिक शब्द) मागून बदली करून घ्या. संबंध चांगले आहेत तोवरच मागा.
गूगलने फुकट दिलेल्या 'बिझनेस डॉट साइट' वाल्या साइटी २०२४ मध्ये बंद झाल्या. पिशव्यांवर तो पत्ता छापलेला असेल तर बदला.

साधीसोपी
फॉर्मबद्दल दोन गोष्टी.
चौकटीतलं अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान असेल तर आयफोन पान आपोआप मोठं करतो आणि 'पुढे' बटण पडद्याबाहेर जातं.
मराठी कळफलकावरून पिनकोड ४११०३० टाकला की 'चुकीचा पिनकोड' येतं, कारण कोड फक्त इंग्रजी अंक तपासतो. चौकटीला इनपुटमोड न्यूमेरिक द्या म्हणजे आकड्यांचा कळफलक उघडतो, आणि तपासणीआधी देवनागरी अंक इंग्रजीत बदलणारी एक ओळ घाला. आजी-आजोबा ऑर्डर करतात, त्यांना दोष देऊ नका.

डबा_कुरिअर
+१ शेवटच्या वाक्याला.

खाडीपलीकडे
जाहिरातींचं कुणीच लिहिलं नाही अजून?

पेठेतला
लिहितो. गूगल जाहिरातीत जागेच्या पर्यायात 'प्रेझेन्स ऑर इंटरेस्ट' आधीच निवडलेलं असतं. म्हणजे पुणे निवडलं तरी पुण्याबद्दल नुसतं शोधणारा बाहेरगावचा माणूसही धरला जातो. घरपोच फक्त पुण्यात देत असाल तर नुसतं 'प्रेझेन्स' करा. मग नको असलेले शब्द भरा: लागवड, रोप, कलम, फवारणी, छाटणी, बाजारभाव, रेसिपी, वॉलपेपर, नोकरी. हे न भरल्यास 'आंबा' या शब्दावर शेतकऱ्यांच्या क्लिकांचे पैसे तुम्ही भरता. 'सर्च टर्म्स' अहवाल पहिल्या आठवड्यात रोज बघा, नवे शब्द तिथेच सापडतात. क्लिक मुखपृष्ठावर नको, थेट भावाच्या पानावर. माल संपला की त्याच दिवशी जाहिरात थांबवा.

दुपारचा_चहा
रीव्ह्यूसाठी दहा टक्के सूट दिली तर चालते का?

साधीसोपी
नाही, गूगलच्या नियमात बसत नाही, रीव्ह्यू उडतात. रीव्ह्यूच्या लिंकचा क्यूआर खोक्यात टाका आणि साधं विचारा.

पाटावरवंटा
@डबा_कुरिअर चकल्या फार मोडतात, पॅकिंग कसं करायचं?

डबा_कुरिअर
उभ्या डब्यात आडवे थर, प्रत्येक थरात बटर पेपर. वर मोकळी जागा राहिली तर तिथेही कागद कोंबा, डबा हलवला तर आवाज येता कामा नये. चिवडा वेगळ्या पाकिटात, हवा काढून.

गुहागरची_वाट
@पेठेतला मोसम संपल्यावर आंब्याचं पान काढून टाकायचं का?

पेठेतला
अजिबात नाही. पत्ता तोच ठेवा, वर 'यंदाचा मोसम संपला' लिहा आणि पुढच्या वर्षासाठी नाव-नंबर नोंदवायची चौकट द्या. दर वर्षी नवा पत्ता केला की गूगलपुढे पुन्हा शून्यापासून सुरुवात होते.