बियांपासून डेलिया, कट फ्लॉवरसाठी जमेल का?

कुंडीवाली: गेल्या सीझनला लाल डबल डेलियाचं बी धरलं, पेरलं आणि आली काय तर पिवळी, जांभळट, निम्मी तर सिंगल पाकळीची! माझंच काही चुकलं का? फुलदाणीतपण दोन दिवसांत माना टाकतात.

मातीखाऊ: चुकलं काही नाही हो, डेलियात गुणसूत्रांचे ८ संच असतात त्यामुळे बी आईसारखं येईल याचा भरवसाच नाही, तोच रंग हवा तर कंद नाहीतर कटिंग. पण मजा बियांतच आहे, मी दरवर्षी पेरतो, २० डिग्रीच्या आसपास आठ-दहा दिवसांत उगवतात, जे रोप आवडलं त्याला दोरा बांधायचा, पहिल्याच वर्षी खाली कंद धरतो तो जपायचा, बाकीचे सरळ कंपोस्टात.

शेंडेखुड्या: पानांच्या ३-४ जोड्या झाल्या की शेंडा खुडलात का? जिवावर येतं पण फुटवे येतात, दांडे लांब मिळतात.

मातीखाऊ: आणि घट्ट कळी कापू नका, पाण्यात उमलत नाही. पाऊण उमललेलं फूल सकाळी लवकर कापा, मागच्या पाकळ्या कागदासारख्या लागल्या तर ते शिळं.

कुंडीवाली: अरे देवा, मी भर दुपारी कापत होते, तेही मागून मऊ पडलेली 🙈