कंबरदुखीसाठी कायरोप्रॅक्टरचे आगाऊ पॅकेज घ्यावे का? मदत हवी आहे

नमस्कार. मी न्यू जर्सीत राहते, वय ४७. हिवाळ्यात दारापुढचा ओला, जड बर्फ फावड्याने उपसताना कंबरेत उसण भरली आणि ती अजून पुरती गेलेली नाही. सकाळी मोजे घालायला वाकले की डाव्या बाजूला खाली कळ येते आणि दिवसभर खुर्चीत बसून काम केल्यावर संध्याकाळी तो सगळा भाग आखडतो. पायांत मुंग्या, बधिरपणा किंवा अशक्तपणा नाही, लघवी-शौचावरचा ताबा सुटलेला नाही, ताप नाही, वजन घटलेले नाही. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण ताबा सुटणे किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर होणे असे काही असते, तर इथे विचारत न बसता थेट इमर्जन्सी गाठावी लागली असती.

एमआरआयच्या अहवालात चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली चकती किंचित फुगल्याचे लिहिले आहे. वाचून धास्ती वाटली होती. पण कंबर अजिबात दुखत नसलेल्या चाळिशीतल्या माणसांपैकीही सुमारे ५० टक्के लोकांच्या चकत्या अशा फुगलेल्या दिसतात, हे २०१५च्या एका संकलित अभ्यासातून कळल्यावर जरा निवांत झाले. फॅमिली डॉक्टरांनीही शस्त्रक्रियेचा विषय काढला नाही. चालत राहा आणि फिजिओथेरपी घ्या, एवढेच सांगितले.

दरम्यान शेजारणीच्या सांगण्यावरून कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे मणक्यांना हाताने दाब किंवा झटका देऊन उपचार करणाऱ्याकडे, गेले. त्यांनी मला कुशीवर निजवून वरचा गुडघा पोटाकडे घेतला, खांदा मागे धरला आणि कंबरेला एक झटपट, नेमका दाब दिला. कट्ट असा आवाज झाला. तो हाड जागेवर बसल्याचा नसून सांध्यातल्या द्रवात तयार होणाऱ्या वायूच्या पोकळीमुळे येतो, हे आधी वाचलेले असल्याने मी घाबरले नाही. पुढचे एक-दोन दिवस खरोखर हलके वाटले, मग दुखणे हळूहळू परत आले.

माझी अडचण यापुढची आहे. पुढच्याच भेटीत त्यांनी संपूर्ण पाठीच्या कण्याचे एक्स-रे काढण्याचा आग्रह धरला, मणके ‘सरकले’ आहेत असे सांगितले आणि कित्येक महिन्यांचे, आगाऊ पैसे भरायचे पॅकेज पुढे ठेवले, ज्यात मानेवरचे उपचारही आहेत. माझी मान मुळीच दुखत नाही.

या पद्धतीबद्दल माझ्या मनात आकस नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये कंबरदुखीसाठी औषधांच्या आधी करून पाहायच्या उपायांत शेक, मालिश, व्यायाम, योग यांच्याबरोबर मणक्यांना हाताने हालचाल देण्याचा उपचारही आहे. ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शक सूचना ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने मात्र २०१६ साली तो व्यायामाच्या जोडीनेच द्यावा असे म्हटले आणि मला ते जास्त पटते. ताज्या कंबरदुखीवरच्या अभ्यासांत या उपचाराचा फायदा दिसतो, पण तो माफक आहे. डॅनियल पामर यांनी १८९५ मध्ये आयोवातल्या डॅव्हनपोर्टला कायरोप्रॅक्टिक ही पद्धत सुरू केली, तेव्हा बहुतेक सगळ्या आजारांचे मूळ सरकलेल्या मणक्यांत आहे असा त्यांचा दावा होता. त्या दाव्याला आधार मिळालेला नाही, आणि माझ्यापुढचे पॅकेज त्याच विचारावर उभे असावे असे मला वाटते.

मानेच्या बाबतीत माझी भीती अधिक ठाम आहे. मानेला झटका देण्याच्या उपचाराचा मेंदूकडे जाणाऱ्या धमनीला चीर पडण्याशी संबंध आढळला आहे. हे प्रकार विरळ आहेत आणि उपचार हेच कारण असल्याचे सिद्ध झालेले नाही, तरीही रुग्णाला त्याची कल्पना आधी द्यावी, असे अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये सांगितले. मला कोणी ती दिली नाही.

घरच्यांचे सल्लेही चालू आहेत. साताऱ्याची मावशी म्हणते, पायाळू माणसाचा पाय कंबरेला लावून घे. तिच्या मायेबद्दल शंका नाही, पण ते मी करणार नाही. भाऊ म्हणतो, उन्हाळ्यात पुण्याला येशील तेव्हा इथल्या कायरोप्रॅक्टरकडे जा, स्वस्त पडेल. मात्र अमेरिकेत या व्यवसायाला राज्याचा परवाना लागतो, तर भारतात त्यासाठी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. त्यामुळे पुण्यात गेलेच तर फिजिओथेरपिस्टकडे जाईन.

ज्यांनी कंबरेसाठी हा उपचार घेतला आहे, त्यांना विचारायचे आहे की फरक पडतो आहे की नाही, हे तुम्ही किती भेटींनंतर ठरवले, आणि पॅकेज मध्येच सोडल्यास उरलेले पैसे परत मिळाले का? मानेला हात लावू नका असे सांगितल्यावर ते ऐकले गेले का? फिजिओथेरपी आणि कायरोप्रॅक्टिक एकाच वेळी घेतल्यास विमा कंपन्या दोन्हींचे पैसे देतात का, हेही अनुभवातून कळले तर बरे होईल. फिजिओथेरपिस्ट असलेल्या सभासदांनी या वयात घरी करण्याजोग्या व्यायामांबद्दल लिहावे, ही विशेष विनंती. क्लिनिकला शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचे आहे. अजून मी पैसे भरलेले नाहीत आणि एक्स-रेही काढलेले नाहीत.