भंडारदऱ्याला टेंटमध्ये एक रात्र, सोबत आई, पोरं आणि कुत्री – जमेल का?

घाटवाट_पुणे:
नमस्कार मंडळी. डिसेंबरात पोरांना सुट्टी आहे तेव्हा भंडारदऱ्याला एक रात्र टेंटमध्ये राहायचा विचार चाललाय. आम्ही दोघं, दोन पोरं (एक पाचवीत, धाकटी बालवाडीत), माझी आई आणि गुंडी. गुंडी म्हणजे आमची कुत्री, गावठीच, सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडलेली, आता चांगली घोडी झालीये पण गाडीची चावी वाजली की अजून पिल्लासारखी नाचते. आधी पवनेला जायचं चाललं होतं पण तिकडं शनिवारी रात्री स्पीकर असे कोकलतात की कुत्रंच काय माणूस पण टेंट सोडून पळेल.
आता प्रॉब्लेम असा की कॅम्पवाल्यांना फोन केला की सगळे म्हणतात हो हो पेट फ्रेंडली आहे आणा बिनधास्त, आणि रात्री तिला कुठं ठेवायचं विचारलं की "बाहेर झाड आहे ना साहेब, बांधा तिथं". हे काय मला पटेना. आईने तर आधीच सांगून टाकलंय की कुत्रं टेंटमध्ये आलं तर मी गाडीत झोपणार. तर जाणकारांनी सांगा, रात्रीचं काय करायचं? आणि रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर आईला बघायचंय, तिथं गुंडीला नेता येईल का?

प्रवराकाठ:
मी अकोले तालुक्यातलाच, भंडारदरा आमच्याच तालुक्यात येतं, त्यामुळे स्पष्ट सांगतो, राग मानू नका. झाडाला अजिबात बांधायचं नाही. आमच्या तालुक्यात बिबट्या काय नवीन गोष्ट नाही, धरणाकडेच असतो असं पण नाही, खाली उसात पण असतो. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या टीमने अकोल्यातच बिबट्याची विष्ठा तपासून अभ्यास केला होता, 2014 मध्ये छापून आला. त्याच्या खाण्यात वजनाच्या हिशोबाने सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा, 39 टक्के! शेळ्या संख्येने कितीतरी जास्त असून त्यांचा नंबर मागे, कारण शेळ्या रात्री कोंडलेल्या असतात आणि कुत्रं बाहेर असतं, एवढं साधं गणित आहे. मोकळं कुत्रं निदान पळेल तरी, बांधलेलं कुठं जाणार? आमच्या आजूबाजूला ज्यांना कुत्र्याची माया आहे ते संध्याकाळीच आत घेतात.
रतनवाडीचं म्हणाल तर तो भाग कळसूबाई हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. 1986 पासून अभयारण्य आहे ते. तिथं पाळीव कुत्रं घेऊन फिरायचं नाही. एकजण गुंडीपाशी शेंडीत (धरणाजवळचं गाव) थांबा, बाकीचे मंदिर बघून या, मग अदलाबदल करा.

टॉमीचीमावशी:
प्रवराकाठ दादांशी सहमत. आणि अभयारण्याचं लोकांना वाटतं उगाच अडवतात, पण कारण आहे हो. कुत्र्यांचा डिस्टेंपर हा विषाणूचा आजार जंगली प्राण्यांना होतो, 2018 ला गीरमध्ये 20 च्या वर सिंह गेले तेव्हा काहींमध्ये तोच विषाणू सापडला होता. आपलं कुत्रं लस घेतलेलं असलं तरी नाक्यावरच्या माणसाने कुणाकुणाची फाईल बघत बसायचं.
बाकी मला जास्त भीती गोचिडीची वाटते, बिबट्यापेक्षा. पावसाळ्यानंतरचं ते गुडघाभर वाळकं गवत, त्यात गुरं चरलेली, कुत्रं एकदा लोळलं की झालं. निघायच्या आधी व्हेटला विचारून गोचिडीची गोळी द्या, ब्रॅव्हेक्टो म्हणा सिम्पारिका म्हणा, वजनाप्रमाणे असते त्यामुळे अंदाजाने मेडिकलमधून आणू नका. परत आल्यावर कानाच्या आत, बोटांच्या मध्ये, काखेत, शेपटीखाली हात फिरवून बघायचं, आणि त्याच दिवशी काही नाही दिसलं म्हणून निवांत व्हायचं नाही, टिक फिव्हर म्हणजे गोचिडीचा ताप दोन-तीन आठवड्यांनी पण वर येतो. जेवण सोडलं, हिरड्या पांढुरक्या दिसल्या, लघवी गडद झाली तर लगेच रक्त तपासा.
आणि बार्बेक्यूची हाडं कुणालाही देऊ देऊ नका!! शिजलेलं हाड चिरफळून घशात नाहीतर आतड्यात रुततं. कॅम्पवर दहा अनोळखी लोक प्रेमाने टाकत असतात. कांदा-लसणाचा रस्सा भात पण नको.

सडाफटिंग:
एवढं सगळं करून न्यायचंच कशाला? एक रात्र बोर्डिंगला ठेवा की. कुत्र्याला कुठं कळतंय भंडारदरा.

टॉमीचीमावशी:
@सडाफटिंग कळतं हो. तुम्हाला नसेल कळत.

हर्णैकर:
आमच्याकडे या की कोकणात 🙂 पण खरं सांगायचं तर इथं पण ऐन सीझनला कुत्रं किनाऱ्यावर मोकळं सोडू नका. वेळास, आंजर्ले या बाजूला थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात आणि कुत्री ती वाळू उकरून खातात, म्हणून तर अंडी उचलून जाळीच्या कुंपणात नेऊन पुरावी लागतात. लांब दोरी लावून फिरवा, काही बिघडत नाही. आणि समुद्राचं पाणी पिऊ देऊ नका, नंतर गाडीत जे होईल ते तुम्हीच पुसाल.

मराठीमाणूस_जर्सी:
इथे अमेरिकेत पण तेच आहे. बहुतेक नॅशनल पार्कमध्ये ट्रेलवर कुत्रा चालत नाही, जिथे चालतो तिथे सहा फुटांचा पट्टा कंपल्सरी. आम्ही शेनान्डोआला जातो, तिथे बऱ्याचशा ट्रेलवर नेता येतो.

घाटवाट_पुणे:
@मराठीमाणूस_जर्सी शेनान्डोआ आईला सांगून बघतो, ती आधी विचारेल तिकडं देऊळ आहे का 😄
बाकी सगळ्यांचे आभार. बायकोचं म्हणणं की गुंडीला आमच्या टेंटमध्येच घ्यायची, पण मला भीती की रात्री बाहेर काही हललं की ती टेंट फाडून निघेल. गाडीत ठेवली तर?

प्रवराकाठ:
गाडीत पण चालेल, रात्री थंडी असते, काच दोन बोटं खाली ठेवा. पण सकाळी ऊन चढायच्या आत बाहेर काढा, गाडी लगेच तापते. टेंटमध्ये घेणार असाल तर कॉलर नाही हार्नेस घाला आणि पट्ट्याचं टोक तुमच्या मनगटाला. झोपायच्या आधी पट्टा लावूनच फिरवून आणा, जोडीला मोठी बॅटरी. टेंटची चेन पूर्ण बंद पाहिजे, कोपरा पण उघडा नको, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात मण्यार शिरते आणि चावलेलं बऱ्याचदा कळत पण नाही. पोरांचे बूट सकाळी झटकून मगच घालायचे.
मला विचाराल तर शेंडीत कुणाच्या घरी एक खोली घ्या. आई आणि धाकटी आत, तुम्ही तिघं आणि गुंडी अंगणात टेंट लावा. आईंचा पण प्रश्न सुटतो.
फक्त 31 डिसेंबर धरू नका, फटाके वाजतात, कुत्रं बिथरून पळालं की रात्री कुठं शोधणार. पट्ट्यावर तुमचा फोन नंबर लिहिलेला बिल्ला लावाच.

घाटवाट_पुणे:
अंगणाची आयडिया भारी आहे, आई लगेच तयार झाली, आता म्हणते मासे पण खाऊ. 31 टाळून आधीचा आठवडा बघतो.

प्रवराकाठ:
या या. धरणाजवळ ताजे मासे तळून देतात. काटे मात्र गुंडीला टाकू नका.