मदत हवी आहे : चीनमधल्या ‘बाई’ समाजाच्या गावात बांधणी शिकायची आहे

युन्नान प्रांतात दालीजवळ, अरहाय तळ्याच्या बाजूला चौछंग हे ‘बाई’ नावाच्या वांशिक समाजाचं गाव आहे. तिथल्या निळ्या-पांढऱ्या बांधणीला २००६ मध्ये चीनच्या राष्ट्रीय वारसा यादीत जागा मिळाली. तिथल्या बायका नुसता दोरा गुंडाळत नाहीत. आधी सुईने टाके घालतात, दोरा ओढून चुण्या घट्ट आवळतात, मग कापड निळीत बुडवून वर काढतात, हवा लागू देतात, पुन्हा बुडवतात.

मला ते टाके शिकायचेत. तासाभरात रुमाल रंगवून फोटो काढायची हौस नाही.

कुणी गेलंय का? घरी शिकवणारं कुणी भेटतं का? चिनी येत नाही, खाणाखुणांवर भागेल? इथलं सुती कापड नेलं तर चालेल? आणि नीळ झाडाची की रासायनिक, हे विकत घेताना कसं ओळखायचं?

(बाई लोक पाहुण्यांना देतात तो तीन फेऱ्यांचा चहा पिणारच, पहिली कडू असली तरी.)