मदत हवी आहे: 'चार्ज'ला मराठीत एकच शब्द कसा द्यायचा?

नमस्कार मंडळी,

मी इंग्रजीतून मराठीत भाषांतराची कामं करते. सध्या हातात एक अवाढव्य एक्सेल आहे. इलेक्ट्रिक रिक्षा चालवायला देणाऱ्या एका कंपनीचं अ‍ॅप, चालकांसाठी नियम, कर्जाचा करारनामा, कर्मचाऱ्यांच्या शिस्तीचे नियम, सगळं कापून एकाच फाइलीत ओतलंय. प्रत्येक ओळ सुटी, मागचापुढचा संदर्भ नाही. आणि पावलोपावली 'चार्ज'.

काम देणाऱ्या एजन्सीचा आग्रह असा की एका इंग्रजी शब्दाला शब्दयादीत एकच मराठी शब्द हवा. दुसरा वापरला की त्यांचं तपासणीचं सॉफ्टवेअर ओळ लाल करतं. त्यांनी स्वतःच 'शुल्क' ठरवून दिलंय. आता बघा: 'रात्री रिक्षाला पूर्ण शुल्क करावे', 'गैरवर्तन केल्यास चालकावर शुल्क ठेवण्यात येईल', 'शुल्कातील व्यक्तीस कळवावे'. हे मी माझ्या हाताने टाइप करायचं!

जे सुटलंय ते आधी सांगते. पैशाचा अर्थ असेल तिथे शुल्क किंवा आकार. इंग्रजीत त्याचे शेजारी बरेच आहेत: फी, फेअर, टोल, रेट, कॉस्ट, फाइन. त्यांना मराठीत फी, भाडं, टोल, दर, खर्च, दंड असे ठरलेले शब्द आहेत, त्यामुळे तिथे गोंधळ नाही. बॅटरीला चार्जच. 'टेक चार्ज' म्हणजे पदभार किंवा कार्यभार घेणं, आणि ऑफिसात सगळे 'चार्ज घेतला'च म्हणतात. तलाठ्याकडे शेजारच्या सज्जाचा चार्ज असतो, तेव्हा तो काही मोबाइल घेऊन बसलेला नसतो, हे गावात कुणालाही समजवावं लागत नाही.

अडलंय ते असं.

१) करारात आहे: 'फर्स्ट चार्ज इन फेवर ऑफ द लेंडर'. बोजा म्हणू की तारण?

२) शिस्तीच्या नियमांत 'चार्जेस' आणि 'अ‍ॅलिगेशन्स' एकाच वाक्यात. दोन्हींना आरोप म्हटलं तर वाक्याचा जीवच जातो.

३) चालकांच्या नियमांत: 'ड्रायव्हर्स हू ओव्हरलोड विल बी चार्ज्ड'. पैसे घेणार की खटला भरणार?

४) 'इन चार्ज ऑफ द व्हेइकल' आणि 'इन द चार्ज ऑफ द ड्रायव्हर' या दोन ओळी खालीवर आहेत. मला दोन्ही सारख्याच वाटतात.

शिवाय एजन्सीला कसं पटवायचं तेही सुचवा. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

– शब्दशोधी

•

काळा कोट
ताई, क्रमाने घेतो.

जमिनीला बोजा हा शब्द रुळलेला आहे. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात बँकेचा बोजा चढतो, कर्ज फिटलं की उतरवून घ्यावा लागतो. मात्र बोजा म्हणजे गहाण नव्हे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम ५८ ला गहाण आहे, त्यात मालमत्तेतला हितसंबंध हस्तांतरित होतो. कलम १०० चा चार्ज निराळा: मालमत्ता देण्याची हमी म्हणून बांधली जाते, हितसंबंध हस्तांतरित होत नाही. म्हणून 'गहाण' अजिबात लिहू नका. तुमच्याकडे तर वाहन आहे. ताबा मालकाकडेच ठेवून जंगम वस्तूवर निर्माण केलेला बोजा म्हणजे हायपोथिकेशन. आरटीओत त्याला 'एचपी' म्हणतात, आणि कर्ज फिटल्यावर फॉर्म ३५ भरून 'एचपी उतरवतात'. बोजाही उतरतो, एचपीही उतरतो, क्रियापद तेच! करारात 'कर्जदात्याच्या लाभात पहिला बोजा' बिनधास्त लिहा.

दुसरा प्रश्न सोपा. अ‍ॅलिगेशन म्हणजे आरोप, कुणीही कुणावर करतो. चार्ज म्हणजे दोषारोप, तो रीतसर ठेवावा लागतो. वर्तमानपत्रं 'आरोपपत्र दाखल' छापतात, विभागीय चौकशीच्या कागदांत 'दोषारोपपत्र' असतं. फौजदारी खटल्यात पोलिसांनी कागद दाखल केल्यावर न्यायालय दोषारोप निश्चित करतं. पूर्वी दोषारोपात काय असावं ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २११ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३४ मध्ये. कंपनीच्या नियमांनाही दोषारोप चालेल, जड वाटला तरी.

चौथं: पहिल्या ओळीत गाडी माणसाच्या ताब्यात, दुसऱ्यातही तेच, फक्त कर्ता उलटा. 'इन चार्ज ऑफ' म्हटलं की आधी आलेला माणूस सांभाळणारा. मधे 'द' घुसला की आधी आलेली वस्तू सांभाळली जाणारी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्ये अपघातानंतरची कर्तव्यं 'चालक किंवा वाहनाचा प्रभार असलेली अन्य व्यक्ती' यांच्यावर आहेत. तिथे मी तरी 'ताबा असलेली व्यक्ती' म्हणेन, प्रभार ऐकून रिक्षावाला गोंधळेल.

•

चहाबाज
वकीलसाहेब, तिसरा गाळलात. फी मिळत नाही म्हणून का? :)

शब्दशोधी, शब्द मुळात गाडीवरूनच आलाय. लॅटिन 'कारूस' म्हणजे मालगाडा, त्यावरून 'कारिकारे' म्हणजे गाडीत माल भरणं, तिथून जुन्या फ्रेंचमार्गे चार्ज. कार, कार्गो, कॅरी हे भाऊबंद. ओझं लादणं हा मूळ अर्थ. कामाचं ओझं, पैशाचं ओझं, आरोपाचं ओझं, बंदुकीत ठासलेली दारू, सगळं त्याच पोटातलं. मग मराठीत 'भार' का नको? पदभार, कार्यभार, प्रभारी आपल्याकडे आहेतच.

•

फ्यूजवायर
भार नको!! तुमच्याच विजेच्या बिलावर बघा, 'मंजूर भार' लिहिलेलं असतं. तो लोड. त्याच बिलावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार हे सगळे चार्जेस. म्हणजे एका कागदावर लोड भार आणि चार्ज आकार. आता बॅटरीवालं चार्जही भार केलंत तर रिक्षा किती भाराने चालते हे विचारल्यावर एक जण किलोवॅट सांगेल, दुसरा टक्के.

शाळेच्या पुस्तकात विद्युत प्रभार आहे, एकक कूलोम. पण 'बॅटरी प्रभारित करा' हे परीक्षेबाहेर ऐकलं नाही. तुमच्या फाइलीत 'स्टेट ऑफ चार्ज' असेलच, त्याला 'बॅटरीत शिल्लक चार्ज' करा, चालकाला तेवढंच हवं असतं.

चहाबाज यांच्या दारूवरून आठवलं: 'बॅटरी' शब्दही तोफखान्यातला. अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिनने एकत्र जोडलेल्या लेडन बरण्यांना (वीज साठवायच्या काचेच्या बरण्या) तो लावला.

•

ओतशाळा
अवांतर: आमच्याकडे कोल्हापुरात फाउंड्रीत चार्ज म्हणजे भट्टीत टाकायचा माल. कुपोला भट्टीत कोक, पिग आयर्न, भंगार, चुनखडी असे थर टाकतात. 'चार्ज टाकला का?' असं विचारलं की त्यात ना पैसे, ना वीज, ना आरोप. मराठी शब्द कुणी शोधला नाही, गरजही पडली नाही.

•

फायलीतला
सरकारी खजिन्यातला राहिला. अर्थसंकल्पाच्या पुस्तकांत प्रत्येक खर्चापुढे 'दत्तमत' (म्हणजे मतदानाने मंजूर होणारा) किंवा 'भारित' असतं. भारित म्हणजे इंग्रजीतला 'चार्ज्ड'. राज्यपालांचं वेतन, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचं वेतन, राज्याच्या कर्जावरचं व्याज, हा खर्च एकत्रित निधीवर भारित असतो. विधानसभा त्यावर चर्चा करू शकते, मतदान नाही. हा तुमच्या फाइलीत यायचा नाही, पण एजन्सीच्या तोंडावर मारायला उपयोगी!

खरा उपाय सांगतो. शब्दयादीत 'चार्ज' एकदा लिहू नका. पाच नोंदी करा आणि प्रत्येकीला विषय जोडा: चार्ज-बिल, चार्ज-बॅटरी, चार्ज-कर्ज, चार्ज-शिस्त, चार्ज-जबाबदारी. बहुतेक सॉफ्टवेअरांत एका मूळ शब्दाच्या अनेक नोंदी चालतात, यादी बनवणाऱ्याने आळस केलेला असतो. सोबत तुमची ती 'शुल्कातील व्यक्ती' नमुना म्हणून पाठवा.

तिसऱ्याबद्दल: पुढे 'फॉर' असता तर पैसे, 'विथ' असता तर दोषारोप किंवा जबाबदारी. नुसतं 'चार्ज्ड' असेल तर अंदाज करू नका. दंड लिहिलात आणि निघाला खटला, तर चालक पैसे भरून मोकळा झालो असं समजेल.

•

शब्दशोधी
सगळ्यांचे मनापासून आभार. बोजा, दोषारोप, ताबा पक्के केले. 'भार'ला रजा दिली. काल रात्री नोंदी विषयवार तोडून यादी पाठवली. एजन्सीतल्या ताईंचा निरोप आला, 'चालेल, पण सॉफ्टवेअर लाल दाखवेलच, तुम्ही प्रत्येक ओळीपुढे कारण लिहा.' म्हणजे काम वाढलं, निदान मराठी तरी वाचली.

'विल बी चार्ज्ड'चा प्रश्न कंपनीकडे गेलाय. आता एक नवीनच सापडलं. एका ओळीत फक्त दोन शब्द: 'फुल चार्ज'. पुढेमागे काही नाही. पूर्ण चार्ज की पूर्ण शुल्क?

•

फ्यूजवायर
ओळीच्या डाव्या रकान्यात आयडी असतो ना? त्यात 'बॅट' आहे की 'बिल' ते बघा. प्रोग्रामर लोक तिथे काहीतरी खूण ठेवतात.

•

शब्दशोधी
आयडी आहे 'बीटीएन_०४१'. म्हणजे बटण! बॅटरीचं की बिलाचं, ते विचारणारी मेल आत्ता टाकतेय.